चौदाव्या मजल्यावरच्या उड्या

गुरुवारी माझ्या मुलीच्या पोटात दुखायचं. सोमवारी, मंगळवारी काही नाही. गुरुवारी सकाळी मी तिचा डबा भरत असले की ती पोटावर हात धरून ओट्याच्या कडेला येऊन उभी राहायची. मी ओवा द्यायचे, कधी नुसतं गरम पाणी. शाळा मात्र बुडवायची नाही, आणि संध्याकाळी एकदम ठीक असायची. दोन महिने मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मग पालकसभेच्या दिवशी मी निघाले असताना पीटीच्या बाईंनी जिन्यात थांबवलं.

"तुमच्या मुलीला डॉक्टरकडे दाखवलंत का? दर गुरुवारी माझ्या तासाला ती पोट धरून बाकावर बसलेली असते."

शाळेपासून आमचं घर चालत बारा-पंधरा मिनिटांवर. मुलगी बरोबरच होती. मी तिला सरळ विचारलं. लालबागच्या पुलाखाली सिग्नलला थांबलो, तेव्हा ती बसेसकडे बघत म्हणाली, "मला टेम्पो म्हणतात."

"कोण?"

"सगळ्या." मग रस्ता ओलांडताना, "धावतानाच फक्त. एरवी नाही म्हणत."

ती तेव्हा दहा वर्षांची, पाचवीत होती. अंगानं भरलेली होती, हे खरं. त्याच्या तीन वर्षं आधी आम्ही चिंचपोकळीला चाळीत राहत होतो. तिथे तिला खेळायला पाठवावं लागत नसे, जेवायला ओढून आणावं लागे. दार उघडलं की गॅलरी आणि गॅलरीत पोरं. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत दिवसभर पायांचा आवाज. मग चाळ पाडली, आणि आम्हाला टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर घर मिळालं. घर चांगलं आहे, घरातच संडास-बाथरूम आहे, मी उगाच तक्रार करत नाही. पण टॉवर दोन आहेत. एक आम्हा जुन्या भाडेकरूंचा, दुसरा विकण्यासाठी बांधलेला. बाग, घसरगुंडी, सायकल फिरवायची जागा हे सगळं त्या दुसऱ्या टॉवरच्या पोडियमवर, म्हणजे गाड्यांच्या मजल्यांवरच्या गच्चीवर. आमची लिफ्ट त्या मजल्यावर थांबत नाही. पहिल्या महिन्यात आमची पोरं जिन्यानं तिथे गेली, तेव्हा वॉचमननं नीट बोलून, पण लगेच, परत पाठवलं. तेव्हापासून माझी मुलगी शाळेतून यायची, दार लावायची आणि टीव्हीसमोर बसायची. दोन वर्षांत तिचे तीन गणवेश बदलले.

आता जे सांगते ते मला सांगायला जड जातं. मी शाळेत असताना खो-खो खेळायचे. चांगली खेळायचे. काटक होते, पाठलागाला मला पहिली उभी करायचे. मुलगी झाली तेव्हा मला वाटलेलं, हीसुद्धा अशीच धावेल. ती धावत नाही, हे मला दिसत होतं, आणि त्याचं मला वाईट वाटायच्या आधी लाज वाटायची. लग्नकार्यात कुणी म्हणालं, "काय गं, तुझी मुलगी तुझ्यावर नाही गेली," की मी हसायचे आणि माझं तोंड आंबट व्हायचं. हे मी कधी बोलून दाखवलं नाही. पण मुलांना बोलून दाखवावं लागत नाही.

मग मी मागे लागले. सकाळी सहाला उठवून तिला चालायला न्यायचे. ती माझ्या मागे दहा पावलं राहायची, मी थांबले की तीही थांबायची. दोरीच्या उड्यांसाठी दोरी आणली, ती खिळ्यालाच लटकून राहिली. दादरला पोहण्याच्या तलावावर नाव घालायला गेले तर तिथे आमच्या आधी अर्धी मुंबई नाव घालून बसलेली. आणि मी तिला पोळ्या मोजून वाढायला लागले. दोन झाल्या की डबा बंद. ती काही मागायची नाही. तिची आजी, म्हणजे माझ्या सासूबाई, ताटाकडे बघायच्या आणि पाणी प्यायच्या.

माझ्या नणंदेला हे सगळं फोनवर कळत होतं. ती एका रविवारी पिशवीत काळा डबा घेऊन आली. तिच्या ऑफिसातल्या कुणाची मुलं मोठी झाली होती, त्यांच्या घरात तो पडून होता. टीव्हीला जोडायचा, वर कॅमेरा लावायचा. आपण समोर उभं राहिलं की कॅमेरा आपल्याला बघतो आणि आपण टीव्हीत जातो. हातात काही धरायचं नाही. आपण हात वर केला की आतल्या माणसाचा हात वर, आपण उडी मारली की त्याची उडी. नदीतली होडी, हवेतले फुगे, अंगावर येणारे चेंडू, असे दहा-बारा खेळ.

"ह्यानं पोरं हलतात," नणंद म्हणाली. "बसून खेळताच येत नाही."

डबा लावला आणि पडद्यावर पहिली सूचना आली, मागे सरका. माझा नवरा मागे सरकला. पुन्हा, मागे सरका. तो माझगावला गोदीत कामाला आहे, दिवसभर बोटींच्या पोटात वाकून काम करतो, पण सहा फूट मोकळी जागा आमच्या हॉलमध्ये त्यालाही सापडेना. शेवटी टीपॉय बाथरूममध्ये गेला, सोफा उभा करून भिंतीला टेकवला, खुर्च्या पलंगावर चढल्या. तेव्हा कुठे कॅमेऱ्याचं समाधान झालं. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसून हे बघत होत्या. "एवढ्यात घर बदलून झालं असतं," म्हणाल्या.

ती संध्याकाळ मजेत गेली, निदान अर्धी. नवऱ्यानं होडी चालवली, नणंदेनं फुगे फोडले. मुलगी आधी नको म्हणत होती, मग उभी राहिली. तिच्या वाट्याला भिंतीचा खेळ आला. समोरून एक भिंत सरकत येते, तिला माणसाच्या आकाराचं भोक असतं, हात असे, पाय तसे. भिंत पोहोचायच्या आत आपण तसं उभं राहायचं, म्हणजे आरपार निघून जातो. नाहीतर भिंत फुटते. तिच्यावर तिन्ही भिंती फुटल्या. खेळ संपल्यावर त्या डब्यानं एक कमाल केली. खेळताना कॅमेऱ्यानं आपणहून फोटो काढले होते, ते त्यानं एकामागून एक पडद्यावर दाखवले. उडी मारताना तिचा फ्रॉक वर गेलेला, गाल हललेले, तोंड उघडं. नवरा हसला, नणंद हसली, मीही हसले. आम्ही फोटोला हसलो होतो, तिला नाही. पण ते तिला कुठून कळणार. ती सोफ्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि जेवायला बोलावेपर्यंत तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर कॅमेऱ्यावर माझा रुमाल टाकलेला. मी तो काढायला गेले.

"नको काढू," ती म्हणाली. "ती बघते."

"कोण बघते?"

"ती. टीव्हीतली."

मी रुमाल तसाच ठेवला. खरं सांगायचं तर मला राग आला होता. एवढं आणून दिलंय आणि हिला नको. टीपॉय परत जागेवर आला, सोफा आडवा झाला, आणि दोन-अडीच आठवडे कुणी त्या डब्याचं नाव काढलं नाही.

मग एक दिवस फोर्टला आमच्या ऑफिसच्या इमारतीत वायरिंग जळालं आणि आम्हाला तीन वाजता घरी सोडलं. मी साडेचारला चौदाव्या मजल्यावर लिफ्टमधून उतरले. आतलं दार उघडं होतं, जाळीचं दार लावलेलं. सोफा उभा होता. सासूबाई हॉलच्या मधोमध उभ्या होत्या आणि टीव्हीशी भांडत होत्या.

"मी इथं आहे की. हा बघ हात. हा दुसरा."

"आजी, हात दिसतायत. पाय दिसत नाहीयेत त्याला." माझी मुलगी शाळेच्या गणवेशातच, पलंगाच्या कडेवर बसली होती.

"तीस वर्षं वॉर्डात उभी राहिले ह्याच पायांवर. तेव्हा सगळ्यांना दिसत होते."

सासूबाई महापालिकेच्या प्रसूतिगृहात आया होत्या. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. घरात त्या गाऊन घालतात, आणि त्या घोळदार गाऊनमध्ये कॅमेऱ्याला पाय सापडत नव्हते. तो त्यांना खांब समजत होता की काय कोण जाणे. त्यांनी गाऊन गुडघ्यापर्यंत उचलून धरला, तर मग हात मोकळे नाहीत.

"साडी नेस ना. तुझी आई नेसायची तशी, पाय वेगळे वेगळे."

"नऊवारी? ती कुठाय आता घरात." त्यांनी क्षणभर विचार केला. "तुझ्या बापाची ती रात्रीची पँट कुठं असते?"

त्या आत गेल्या. मी जाळीच्या दाराशी, पर्स खांद्यावर, तशीच उभी. दोन मिनिटांनी सासूबाई माझ्या नवऱ्याची निळी ट्रॅक पँट आणि त्याचाच टी-शर्ट घालून बाहेर आल्या. पँटचे पाय चार वेळा दुमडलेले. लग्न होऊन बारा वर्षं झाली, मी त्यांना साडी आणि गाऊनशिवाय कशात बघितलं नव्हतं. मुलगी पलंगावर आडवी पडून हसायला लागली. तिला असं हसताना मी किती दिवसांनी बघत होते.

"हसू नको. लाव ते भिंतीचं."

"भिंतीचं नको, आजी. अवघड आहे ते."

"लाव."

भिंत आली. सासूबाईंनी एक हात वर केला, एक कमरेवर ठेवला, पाय फाकवायला गेल्या तोवर भिंत अंगावर फुटली. दुसरी आली, तीही फुटली. त्या अजिबात खट्टू झाल्या नाहीत. "बांधणाऱ्याला मापं कळत नाहीत," म्हणाल्या. "तू ये गं शेजारी. दोन माणसांचं भोक असेल तर बघू." आणि माझी मुलगी उठली. दप्तर बाजूला सारलं, मोजे काढले आणि आजीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "आजी, भिंत लांब असतानाच बघायचं कसं भोक आहे ते. डावा हात. तुझा डावा. हां, आता वाक." त्या दोघी वाकल्या आणि भिंत दोघींच्या अंगावरून सरळ निघून गेली.

मला आत जायचं होतं. दार ढकलायला मी हात पुढे केलेला मला आठवतो. पण मी आत गेले असते तर काहीतरी बोलले असते. शाबास तरी म्हणाले असते, आणि माझ्या शाबासकीत काय काय मिसळलेलं असतं हे त्या मुलीला पाठ होतं. मी लिफ्टनं खाली गेले. गेटाबाहेरच्या टपरीवर चहा घेतला, मग आणखी एक घेतला, आणि नेहमीच्या वेळेला, सात वाजता, नेहमीसारखी घरी आले. टीपॉय जागेवर होता. सासूबाई गाऊनमध्ये होत्या. मी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही.

पुढे कधीतरी, आम्ही दोघी मेथी निवडत बसलो असताना मी त्यांना म्हटलं, "आई, त्या दिवशी तुम्ही तिला उठवायला म्हणून मुद्दाम केलंत ना?"

त्यांनी माझ्याकडे नवलानं बघितलं. "मुद्दाम कशाला? मला खेळायचं होतं. रोज दुपारी मी त्या डब्याकडे बघत बसायची. घरात मी थोरली. काखेत एक भाऊ, बोटाला दुसरा. पोरी लंगडी खेळायच्या, मी कडेवर पोर घेऊन बघायची. लंगडी घालायला दोन्ही हात मोकळे लागतात बाई." आणि त्या मेथीची देठं मोडत राहिल्या.

रोज पाच वाजता त्या दोघींचा खेळ सुरू झाला. मला ते कळायचं ते बाकीच्या खुणांवरून. सोफ्याच्या पायानं फरशीवर पडलेला ओरखडा. दोरीवर वाळत टाकलेली निळी ट्रॅक पँट. नवऱ्यानं बिचाऱ्यानं आपल्यासाठी दुसरी आणली. मुलीला संध्याकाळी भूक लागायची ती वेगळीच, आणि रात्री पुस्तक हातात घेऊन ती जेवणानंतर लगेच झोपून जायची. मी ह्यात पडायचं नाही असं स्वतःला बजावून ठेवलं होतं. सकाळचं चालणंही बंद केलं. त्यानंतर एकदा चपला घालताना ती माझ्या खांद्याला धरून उभी राहिली.

ह्या सगळ्याला महिना झाला असेल, एका शनिवारी मी घरी असताना बेल वाजली. दारात तेराव्या मजल्यावरचे अंकल होते. आमच्या बरोबर खालचं घर त्यांचं. माझगावचे मूळ ख्रिश्चन, शेजारच्या पाडलेल्या चाळीतून इथे आलेले, गोदीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले, उंच, नेहमी इस्त्रीचा शर्ट घातलेले. लिफ्टमध्ये गुड मॉर्निंगपलीकडे आमचं बोलणं नव्हतं.

"तुमच्या घरात काय चालतं?" त्यांनी विचारलं. आवाज चढा नव्हता, थकलेला होता.

मी काही बोलायच्या आत सासूबाई पुढे झाल्या. "उड्या," म्हणाल्या.

"रोज?"

"रोज. पाच ते सहा."

"माझी बायको त्या वेळेला झोपते. दुपारभर दुखतं, पाचला कुठे डोळा लागतो. पंखा हलतो आमचा."  सासूबाईंच्या मागून माझी मुलगी जाळीच्या दाराआडून बघत होती, ती त्यांना दिसली. "बेबीला मी काय बोलत नाही. पण बघा काहीतरी."

आम्ही माफी मागितली. त्यांच्या बायको तीन महिन्यांपूर्वी बाथरूममध्ये पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं. एका इमारतीत राहून, डोक्यावर उड्या मारून, आम्हाला हे माहीत नव्हतं. चाळीत असतो तर रुग्ण घरी यायच्या आत आमच्याकडून पेज गेली असती. त्या संध्याकाळी डबा बंद राहिला आणि मुलगी तोंड लहान करून गॅलरीच्या गजांना टेकून बसली.

दुसऱ्या दिवशी सासूबाई वाटीत सुकटीची चटणी घेऊन तेराव्या मजल्यावर गेल्या. मला वाटलं पाच मिनिटांत येतील. दीड तासानं आल्या. "खुर्चीत नुसत्या बसवून ठेवल्यात," म्हणाल्या. "कंबर सुधारतेय, पण पडल्यापासून उजवा हात धरूनच बसल्यात. खांदा आखडला. व्यायाम शिकवायला बाई येते, ती गेली की हात पुन्हा मांडीवर. दुखतो म्हणतात. दुखणारच. मी किती बाळंतिणींना दुसऱ्या दिवशी चालवलं, त्या काय हसत चालत होत्या?" मग मुलीकडे वळल्या. "तो फुग्यांचा खेळ बसून खेळता येतो का गं?"

मुलगी विचारात पडली. "माहीत नाही. त्याला आधी पाय लागतात."

"बघून ये मग."

पुढच्या रविवारी आमच्या घरून काळा डबा, कॅमेरा आणि वायरांचा गुंता एक मजला खाली गेला. पुढे सासूबाई निळ्या ट्रॅक पँटमध्ये, मागे मुलगी डबा छातीशी धरून. मी वायरी घेऊन गेले म्हणून मला हे बघायला मिळालं. अंकलच्या घरात जागेचा प्रश्न नव्हता, खुर्ची फिरवता यावी म्हणून हॉल आधीच मोकळा केलेला. आंटी बारीक, गोऱ्या, केस मागे घट्ट बांधलेले. त्यांना हे सगळं पसंत नसावं, कॅमेरा समोर लावला तेव्हा त्यांनी डाव्या हातानं गाऊनची कॉलर सारखी केली आणि म्हणाल्या, "फोटो नाही काढायचा हं माझा."

मी मुलीकडे बघितलं. ती खाली वाकून वायर खोचत होती. "तो आपोआप काढतो, आंटी," ती म्हणाली. "पण शेवटी मी पुसून टाकते सगळे. मला येतं पुसायला. नाहीतर रुमाल टाकता येतो, पण मग खेळ पण दिसत नाही त्याला."

कॅमेऱ्याला आंटी दिसेनात. उभे राहा, अशी सूचना सारखी येत राहिली. अंकल म्हणाले, "राहू दे बेबी, तिला त्रास नको." पण मुलगी खुर्चीच्या डाव्या अंगाला उभी राहिली, कॅमेऱ्यानं तिला धरलं, आणि तिनं फुग्यांचा दोघांचा खेळ लावला. मग ती हळूच बाजूला सरकली आणि आंटींना म्हणाली, "आता हात हलवा. कुठलाही." आंटींनी डावा हात हलवला. पडद्यावर एक निळा हात उमटला आणि फुगा फुटला. आंटी दचकल्या, मग त्यांनी नवऱ्याकडे बघितलं.

वाटणी अशी झाली: वरचे फुगे मुलीचे, ते उडी मारून फोडायचे, बाजूचे आंटींचे. उजवीकडचे फुगे उजव्या हातानंच, कारण डावा तिथवर पोहोचत नव्हता. पहिल्या दिवशी आंटींचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यापासून वीतभर वर आला. त्या कळवळल्या. सासूबाई मागे उभ्या राहून खांद्याला हात लावून होत्या, म्हणत होत्या, "श्वास सोडा. हाणा त्याला." आणि माझी मुलगी, जी शाळेत पोट धरून बाकावर बसत होती, ती अर्धा तास वरचे फुगे फोडत उड्या मारत होती, घामानं चिंब, चेहरा लाल, आणि तिला कुणाचंच भान नव्हतं. खेळ संपल्यावर फोटो आले. एका फोटोत आंटींचा हात वर होता, आणि त्यांच्या शेजारी ती हवेत. ती पुसायला पुढे झाली, तेव्हा आंटी म्हणाल्या, "थांब जरा." त्या चष्मा नीट करून बराच वेळ बघत राहिल्या. "पुस आता," म्हणाल्या. तिनं पुसला.

मग वेळ ठरली. पाच ते सहा आंटींची झोप, सहानंतर आमच्याकडे उड्या, आणि शनिवार-रविवार तेराव्या मजल्यावर. अंकलनी कुठून तरी जाड काळ्या रबराच्या दोन लाद्या आणल्या, मशीनखाली घालतात तसल्या, आणि आमच्या हॉलमध्ये स्वतः मापानं कापून बसवल्या. ते काम करताना मुलगी त्यांना टेप धरून देत होती. पंखा त्यानंतर हलला नाही, असं ते म्हणतात. पावसाळा संपेस्तोवर आंटींचा हात खांद्याच्या वर जायला लागला, आणि त्या वॉकर घेऊन लिफ्टपर्यंत येऊ लागल्या. डॉक्टरांनी त्याचं श्रेय औषधांना दिलं, व्यायामाच्या बाईंनी व्यायामाला. आम्ही कुणाशी वाद घातला नाही.

गुरुवारचं पोट दुखायचं कधी थांबलं ते मला सांगता येणार नाही. एक दिवस लक्षात आलं की ओव्याची बाटली बऱ्याच दिवसांत हलली नाही. शाळेच्या क्रीडादिनाला ती शंभर मीटर धावली. पंधरा जणींत तेरावी आली. घरी येऊन तिनं ते पेपरातली बातमी वाचावी तसं सांगितलं. मी विचारलं, "मग, काय म्हणाल्या मुली?"

"टेम्पो म्हणाल्या." ती बूट काढत होती. "मी म्हटलं, टेम्पोला पण रस्ता लागतो, सरका."

मला रडू येत होतं, मी भांडी घासायला गेले.

त्यानंतरच्याच एका संध्याकाळी सासूबाई वंदनेला बुद्धविहारात गेल्या होत्या. मुलीनं सोफा उभा केला, आता तिला एकटीला तो उभा करता येत होता, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, तू खेळतेस?"

मी साडीचा पदर खोचला. मग आठवलं आणि आत जाऊन सलवार घालून आले. तिनं मला चेंडूंचा खेळ लावून दिला. समोरून चेंडू येतात, हातापायांनी परतवायचे. मी म्हटलं, खो-खो खेळलेली बाई आहे मी, हे काय. चार मिनिटांत माझा श्वास लागला. गुडघा कुठे, हात कुठे. पाचव्या मिनिटाला मी रबराच्या लादीवर बसले. पडद्यावर माझे फोटो आले. एकात माझे डोळे मिटलेले आणि तोंड वाकडं, दुसऱ्यात मी बसायला निघालेली, कुणीतरी ढकलल्यासारखी. मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मुलगी माझ्याशेजारी येऊन बसली.

"असंच येतं सगळ्यांचं," ती म्हणाली. "आजीचं तर अजून."

 माझी छाती अजून धडधडत होती. मी म्हटलं, "मी तुला पोळ्या मोजून वाढत होते."

"माहितीये."

"तुला राग आला असेल."

ती थोडा वेळ पायाच्या अंगठ्यानं लादीची कडा दाबत राहिली. "आला होता," म्हणाली. "पण तू भांडी घासायला गेलीस की आजी एक द्यायची. तूप लावून."

मी म्हटलं, चुकलं माझं. तिनं मान हलवली, म्हणजे बरं, कळलं, अशी. आणि "परत खेळतेस का?" असं विचारलं. मी उठले.

तो डबा अजून आहे. कॅमेरा मध्ये एकदा बंद पडला होता, अंकलनी टेबलावर उघडून त्यातल्या एका तारेला डाग दिला, तेव्हापासून चालतो, फक्त कधीकधी सासूबाईंना दोन डोकी देतो. त्या पासष्टी ओलांडून गेल्या आहेत, भिंतीच्या खेळात अजून आदळतात, आणि आता त्यांच्याकडे स्वतःची ट्रॅक पँट आहे, मरून रंगाची, माझ्या नणंदेनं घेऊन दिलेली. आंटी खाली बसून फुगे फोडतात. मुलगी आता बारा वर्षांची झाली. उंच झाली आहे, भरलेली आहेच, तिच्या आजीच्या हाडापेराची आहे हे मला आता स्वच्छ दिसतं. मीच इतकी वर्षं तिला माझ्यावर घालायला बघत होते. डब्यावर ती आता फारशी खेळत नाही.

ह्या वर्षी जयंतीच्या मिरवणुकीसाठी आमच्या इमारतीतल्या मुलींनी लेझीमचं पथक काढायचं ठरवलं. सराव विहारामागच्या पटांगणात, संध्याकाळी. तिनं आपणहून नाव दिलं, आम्हाला नाव दिल्यावर सांगितलं. पहिल्या दिवशी मी ऑफिसातून परस्पर तिकडे गेले. पस्तीस-चाळीस मुली चार रांगांत उभ्या होत्या. ती शेवटच्या रांगेत, कडेला. हलगी सुरू झाली. पहिल्या ठेक्याला तिची लेझीम चुकली, दुसऱ्यालाही चुकली. तिसऱ्यापासून ती वाकायला लागली, उठायला लागली, एक पाय पुढे, लेझीम छातीशी, गर्रकन वळण. तिची वेणी उडत होती. तिच्या पुढची मुलगी चुकली तेव्हा तिनं मागून सांगितलं, "डावा. तुझा डावा."

वळताना तिला मी भिंतीपाशी दिसले. तिनं ठेका सोडला नाही, लेझीम हातात तशीच ठेवून मला हनुवटीनं खूण केली, तू जा. मी "किती वाजता संपणार?" असं हातानं विचारलं. तिनं पुन्हा तीच खूण केली.

मी घरी आले. सासूबाई तांदूळ निवडायला ताट घेऊन बसल्या होत्या. "कशी करते?" त्यांनी विचारलं.

"छान करते," मी म्हटलं, आणि कणीक भिजवायला घेतली.